वेगाची हौस आणि रोजचा रस्ता

मराठी मध्यमवर्गीय घरात मोटारसायकल घ्यायचा विषय निघाला, की तीन पक्ष तयार होतात. तरुण मंडळींचा पक्ष दिसण्याचा आणि वेगाचा, वडिलांचा पक्ष ॲव्हरेजचा आणि आईचा पक्ष काळजीचा. यांखेरीज एक अपक्ष असतो. तो बहुधा नात्यातला एखादा निवृत्त गृहस्थ असतो आणि त्याला सगळ्यातलेच थोडे थोडे कळते असा सर्वांचा समज असतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या कुटुंबात हे पद माझ्याकडे चालत आले आहे. वाहनकर्जाच्या फायली मी अनेक वर्षे हाताळल्या, त्यामुळे मला वाहनांतलेही कळत असणार, असा हा हिशेब आहे. तो अगदीच चुकीचा नाही. गाडी कशी धावते हे मेकॅनिक जाणतो, पण गाडी घेतल्यानंतर घर कसे धावते हे हप्ते वसूल करणारा जाणतो.

मागच्या वर्षी माझी पुतणी माझ्याकडे आली. वय सव्वीस, राहणे कोथरूडला, नोकरी हिंजवडीला. कॉलेजपासून वापरलेली स्कूटर आता कुरकुरू लागली होती. ती म्हणाली, ‘‘काका, मला स्पोर्टी गाडी हवी आहे, पण रोज ऑफिसला नेता येईल अशी.’’ तिच्या मागोमाग धाकट्या भावाचा फोन आला. ‘‘दादा, तू तिला जरा समजाव. तुझं ऐकेल ती.’’ मला मात्र वाटले, की समजावण्यासारखे तिच्या वाक्यात फारसे काही नाही. त्या एका वाक्यात हौसही होती आणि अटही. प्रश्न एवढाच, की या दोन्ही गोष्टी एका गाडीत कितपत बसतात?

हा प्रश्न नवा नाही. १९८५ साली आपल्याकडे दोन गाड्या आल्या आणि त्यांनी घराघरांतले दोन तट पक्के केले. एक हीरो होंडाची सीडी १००. चार स्ट्रोकची, शंभर सीसीच्या आतली, पेट्रोल जपून पिणारी. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही तिची जाहिरात वडिलांच्या पक्षाचा जाहीरनामाच होती. दुसरी यामाहाची आरएक्स १००. दोन स्ट्रोकची, ९८ सीसीची, अकरा अश्वशक्तीची, आणि वजनाने इतकी हलकी की ॲक्सिलरेटर पिळताच अंगाखालून निसटून जाईल असे वाटावे. तिचे उत्पादन १९९६ साली थांबले, तरी चांगल्या स्थितीतली आरएक्स अजून कुठे उभी दिसली, की पन्नाशीतले गृहस्थ तिच्याभोवती एक फेरी मारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

पुढे १९९९ साली हीरो होंडाची सीबीझेड आली, २००१ साली बजाजची पल्सर आली. एरवी स्कूटरसाठी ओळखल्या जाणाऱ्या बजाजने १५० आणि १८० सीसीच्या मोटारसायकली बाजारात आणल्या आणि ऑफिसला जाणाऱ्या माणसालाही थोडा तोरा परवडू लागला. २००८ साली यामाहाची आर १५ आली. शर्यतीच्या गाडीसारखे पूर्ण आवरण, पाण्याने थंड होणारे इंजिन, सहा गिअर. २०१२ साली चाकणच्या कारखान्यातून केटीएमची ड्यूक २०० बाहेर पडली आणि पंचवीस अश्वशक्ती कॉलेजच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. म्हणजे आरएक्सच्या काळी जी ताकद दांडगी वाटे, तिच्या दुपटीहून अधिक ताकद आज विशीतला मुलगा हप्त्यावर घेऊ शकतो. रस्ते मात्र दुप्पट रुंद झालेले नाहीत.

पुतणीच्या मनात आर १५ भरली होती. मी तिला म्हटले, ‘‘आधी नुसती बसून बघ. सुरू करू नकोस.’’ गाडीचा स्वभाव बैठकीवरून कळतो. शर्यतीच्या धाटणीच्या गाडीत हँडल खाली आणि दोन तुकड्यांचे असते, पाय ठेवायची जागा मागे आणि उंच असते. चालवणारा टाकीवर ओणवा होतो. वेग मोठा असला की समोरचा वारा छातीला आधार देतो, मनगटांवरचा भार हलका होतो, आणि अशा वेळी ती बैठक अगदी योग्य ठरते. पण चांदणी चौकाच्या गर्दीत ताशी पंधराच्या वेगाने सरकताना तो वारा नसतो. मग शरीराचा भार मनगटांवर येतो आणि सिग्नलला मान वर करून बघावे लागते. हे अर्धा तास चालते. रोज दोनदा, तेही पाठीवर लॅपटॉपची बॅग असताना, चालत नाही.

यावर उपाय कंपन्यांनीच काढलेला आहे. तेच इंजिन, पण आवरण काढलेले, हँडल सरळ आणि उंच. यामाहाचेच उदाहरण घ्या. आर १५ आणि एमटी १५ या दोन्ही गाड्यांत १५५ सीसीचे इंजिन एकच. एकीवर माणूस झुकून बसतो, दुसरीवर बऱ्यापैकी ताठ. सरळ हँडल रुंद असते, त्यामुळे दोन रिक्षांच्या मधून गाडी वळवणे सोपे जाते. आवरण नसल्याने गाडी उभ्या उभ्या पडली तर खर्चही कमी येतो. आणि गाड्या जितक्या वेगात पडतात त्याहून अधिक पार्किंगमध्ये पडतात, हे कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारून पाहावे.

दुसरी गोष्ट उंचीची. आर १५ ची सीट जमिनीपासून ८१५ मिलिमीटर उंच, एमटी १५ ची ८१०, ट्रायम्फ स्पीड ४०० ची ७९०, आणि आपली नेहमीची स्प्लेंडर ७८५. कागदावर हा फरक तीन सेंटिमीटरचा. पण पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीला उतारावर, पावसात, खडीवर एक पाय टेकवायचा असतो तेव्हा हे तीन सेंटिमीटर फार मोठे होतात. त्यात वजनाची भर. स्प्लेंडर ११२ किलोची, आर १५ साधारण १४२ किलोची, स्पीड ४०० तर १७० च्या घरातली. चालू गाडीचे वजन इंजिन वाहते, बंद गाडीचे वजन आपण. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरींच्या मधून गाडी मागे ओढून काढता येते का, ही परीक्षा शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर होत नाही.

तिसरी गोष्ट ताकदीची. इथे जाहिराती खोटे बोलत नाहीत, पण अर्धेच बोलतात. आर १५ च्या २०२१ च्या आवृत्तीचे इंजिन १८.४ अश्वशक्तीचे, हे खरे. पण ती ताकद मिनिटाला दहा हजार फेऱ्यांना मिळते आणि सर्वांत जास्त ओढ, म्हणजे टॉर्क, साडेसात हजार फेऱ्यांना. शहरात आपण इंजिन तीन ते पाच हजार फेऱ्यांच्या दरम्यान चालवतो. म्हणजे ज्या शक्तीचे पैसे मोजले, तिच्यापर्यंत आपण ऑफिसच्या वाटेवर क्वचितच पोचतो. इंजिनात झडपांची उघडझाप बदलणारी युक्ती बसवून यामाहाने खालच्या फेऱ्यांतही ओढ राखायचा प्रयत्न केला आहे आणि तो बराच साधला आहे. तरी तुलनेसाठी सांगतो, रॉयल एनफिल्डच्या हंटर ३५० ची पूर्ण ओढ चार हजार फेऱ्यांनाच मिळते. ती शर्यतीची गाडी नव्हे, पण सिग्नलहून निघताना तिला गिअरशी झटापट करावी लागत नाही. तेव्हा शोरूममध्ये ‘किती बीएचपी?’ एवढेच न विचारता ‘किती फेऱ्यांना?’ असेही विचारावे.

आणि ही ताकद वापरायची कुठे? मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या अधिसूचनेत मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा चौपदरी, दुभाजक असलेल्या महामार्गावर ताशी ८० आणि शहरातल्या रस्त्यांवर ६० ठरवली. ताशी ८० तर शंभर सीसीची गाडीही गाठते. मग स्पोर्टी गाडीला अर्थच काय, असे आमच्या भावाने लगेच विचारले. अर्थ आहे. तो सर्वांत मोठ्या वेगात नाही, त्या वेगापर्यंत सहज जाण्यात आणि त्याहून अधिक म्हणजे सहज थांबण्यात आहे. चांगली चौकट, रुंद टायर, भक्कम ब्रेक या गोष्टी स्पोर्टी गाडीत येतात आणि त्या ताशी चाळीसलाही कामी येतात. ताम्हिणीच्या वळणावर ट्रकच्या मागे अडकलेली अशक्त गाडी ओव्हरटेक करताना जो जीव टांगणीला लावते, तो बळकट गाडी लावत नाही.

थांबण्याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. ताशी चाळीसला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, ऐंशीला बावीस. ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर मात्र वेग दुप्पट झाला की चौपट होते. शिवाय डोळ्यांना दिसून हाताने ब्रेक दाबेपर्यंत जो सेकंद जातो, तो वेगळा. म्हणून गाडी निवडताना मी एबीएसला घोड्यांच्या आकड्यापेक्षा वरचे स्थान देतो. जोरात ब्रेक दाबला तरी ही यंत्रणा चाक पूर्ण जॅम होऊ देत नाही, त्यामुळे ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होण्याचा धोका कमी होतो. १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची झाली. मात्र एका चाकाला असली तरी तो नियम पाळला जातो. दोन्ही चाकांना एबीएस असलेली आवृत्ती थोडी महाग पडते. इतर कोणत्याही जादा खर्चावर मी घासाघीस करीन, यावर करणार नाही.

आता मागे बसणाऱ्याचा विचार. आपल्याकडे दुचाकी हे बहुधा कुटुंबाचे वाहन असते, म्हणून मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून किमान अर्धे चाक झाकणारे आवरण हवे असे लिहिलेले आहे. यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. स्पोर्टी गाडी घेतली की तरुण मंडळी पहिल्याच आठवड्यात ते काढून टाकतात, कारण ते ‘दिसत नाही’. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात गुंतली की काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, ते असे बोलणार नाहीत. शर्यतीच्या धाटणीच्या गाड्यांत मागची सीट लहान, उंच आणि पुढे उतरती असते. माझ्या वहिनीने शोरूममध्ये आर १५ वर बसायचा प्रयत्न केला आणि उतरून म्हणाली, ‘‘यापेक्षा मी बसने जाईन.’’ पुतणीच्या यादीतून ती गाडी तिथेच बाहेर पडली. एमटी १५ वरही वहिनी फार रमली नाही.

एवढे झाल्यावर मग माझा खरा प्रांत, पैशाचा. शोरूमची किंमत आणि ऑन रोड किंमत यांत नोंदणी, रस्ता कर आणि विमा यांचे अंतर असते, हे सर्वांना माहीत आहे. पण सीसीच्या दोन अदृश्य रेघा बऱ्याच जणांना माहीत नसतात. पहिली १५० ची. २०२२ च्या जूनपासून ठरलेल्या दरांत तिऱ्हाइताच्या विम्याचा वार्षिक हप्ता ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १,३६६ आणि त्यापुढे २,८०४ रुपये होता. नव्या दुचाकीला हा विमा २०१८ च्या सप्टेंबरपासून पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. दुसरी रेघ ३५० ची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. चारशे सीसीच्या गाडीवर जीव जडला असेल तर तो किती टक्क्यांनी जडला आहे, हे यावरून कळावे.

कर्जाबद्दल एकच सांगतो. समजा दीड लाख रुपये तीन वर्षांसाठी घ्यायचे आहेत. बँक म्हणते, ११ टक्के, घटत्या शिलकीवर. दुकानातला माणूस म्हणतो, ८ टक्के फ्लॅट. ऐकायला आठ स्वस्त. पण बँकेचा हप्ता होतो सुमारे ४,९११ रुपये, आणि फ्लॅटचा ५,१६७. कारण फ्लॅट दरात तुम्ही फेडलेल्या पैशांवरही शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज भरत राहता. तो आठ टक्के खरे तर साडेचौदाच्या आसपास पडतो. तीन वर्षांत नऊ हजारांहून अधिक फरक येतो, आणि एवढ्यात उत्तम हेल्मेट, हातमोजे आणि पावसाळी जाकीट येते.

पेट्रोलचेही तसेच. महिन्याला आठशे किलोमीटर फिरणे असेल, तर लिटरला साठ देणारी गाडी तेरा-साडेतेरा लिटर पिते आणि पस्तीस देणारी जवळजवळ तेवीस. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिना साडेनऊशेचा फरक. हौसेला एवढे मोल द्यायला माझी हरकत नाही. फक्त ते हप्त्याच्या शेजारी वहीत मांडलेले असावे, महिनाअखेरीला अवचित समोर येऊ नये.

वहीत न मांडता येणारीही एक गोष्ट आहे. मी शाखेत असताना एकदा एक वयस्क गृहस्थ आले आणि मुलाच्या मोटारसायकलच्या कर्जाची बाकी किती ते विचारू लागले. मुलगा दोन महिन्यांपूर्वी रस्त्यावर गेला होता. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होती. त्यांनी खिशातून पैसे काढून सगळी बाकी भरली, पावती नीट घडी घालून ठेवली आणि म्हणाले, ‘‘त्याच्या नावावर काही राहायला नको.’’ पुढची सगळी वर्षे वाहनकर्जाच्या अर्जावर सही करताना माझा हात क्षणभर थांबत असे.

आकडे हेच मोठ्या प्रमाणावर सांगतात. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, आणि ५०,०२९ मृतांनी हेल्मेट घातलेले नव्हते. आमच्या पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली तेव्हा तिच्या विरोधात मोर्चा निघाला होता. शहराच्या बुद्धिमत्तेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या आपण, ती बुद्धी जिथे राहते ती जागा झाकायला का कुरकुरतो, हे मला उमगलेले नाही.

भावाचे भय अर्थात याच आकड्यांचे होते. त्याला मी म्हटले, ‘‘नाही म्हटलंस तर ती मोटारसायकल चालवणं सोडणार आहे का? मित्राची गाडी मागून घेईल. तिचे ब्रेक कसे आहेत हे ना तिला ठाऊक असेल, ना तुला.’’ घरातला नकार तरुण माणसाला रस्त्यावरून दूर ठेवत नाही, तो फक्त घराला निर्णयापासून दूर ठेवतो. त्याने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग विचारले, ‘‘दोन्ही चाकांना एबीएस कुठल्या गाडीत आहे म्हणालास?’’

शेवटी टीव्हीएसची अपाचे आरटीआर १६० फोर व्ही घेतली, दोन्ही चाकांना एबीएस असलेली. १५९.७ सीसी, साधारण साडेसतरा अश्वशक्ती, सीट ८०० मिलिमीटर उंच, हँडल सरळ, आणि मागे वहिनीला बसता येईल अशी एकसंध सीट. टेस्ट राइड आम्ही रविवारी सकाळी घेतली नाही. सोमवारी संध्याकाळी सहाला घेतली, कर्वे रस्त्यावर, आधी एकटीने आणि मग मागे वडिलांना बसवून. पाठीवर तिची नेहमीची बॅग होती. मग गाडी सोसायटीत आणून, बंद करून, दोन खांबांच्या मधून मागे घ्यायला लावली. एवढ्या परीक्षा पास झालेली गाडी आवडायला आणखी काही लागत नाही, असे पुतणीचेच म्हणणे पडले.

ज्या घरांत सध्या ही चर्चा चालू असेल, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. शोरूममध्ये बरोबर जा. सीटवर स्वतः बसा, मागेही बसा. हप्त्याचा दर घटत्या शिलकीचा आहे का ते लेखी घ्या. साडी गार्ड काढू देऊ नका. हेल्मेट आयएसआय खुणेचे आणि डोक्याच्या मापाचे घ्या, गाडीच्या आधी घ्या, आणि गाडी घरी यायच्या पहिल्या दिवशीच मागच्या माणसासाठीही दुसरे घ्या. आमच्याकडे ते दुसरे हेल्मेट भावाच्या मापाचे आहे. दर शनिवारी तो लेकीच्या मागे बसून मंडईत जातो आणि परत आल्यावर ती कुठल्या वळणावर इंडिकेटर द्यायला विसरली ते सांगतो.